अशक्त इसमाची कैफियत

खोडाळ्यास बदली झाल्याचा हुकूम माझ्या हाती पडला त्या दिवशी माझे वजन ८४ किलो होते, ही गोष्ट मी प्रारंभीच नमूद करून ठेवतो. कारण पुढे जे रामायण घडले, त्यात ‘सदरहू इसम अशक्त आहे’ असा जो शेरा सर्वानुमते माझ्या नावापुढे मारण्यात आला, त्याची शहानिशा वाचकांस स्वतःची स्वतः करता यावी, अशी माझी इच्छा आहे.

खोडाळा हे गाव मोखाडे तालुक्यात, म्हणजे १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे जिल्ह्यात आणि त्यानंतर पालघर जिल्ह्यात आहे. गाव मात्र या सर्व उलाढालीत जागचे हललेले नाही. कसाऱ्यास आगगाडीतून उतरून विहीगावच्या वाटेने डोंगर चढू लागले, की पावसाळ्यात धबधब्यांची रांग लागते, मुंबईची तरुण मंडळी त्या धबधब्यांखाली उभी राहून आपली छायाचित्रे काढून घेत असतात, आणि ती मंडळी जिथून भिजून परत फिरतात तिथून पुढे खरा मुलूख सुरू होतो. जवळच सूर्यमाळ नावाचे उंच स्थान आहे; पण जूनपासून सप्टेंबरपर्यंत ज्याच्या नावाने हा माळ ओळखला जातो तो बहुधा अर्जित रजेवर असतो. पावसाचे मान शंभर इंचांच्या घरातले. भाड्याच्या खोलीत बिऱ्हाड मांडून आठ दिवस झाले नाहीत तोच माझ्या चामडी जोड्यांना पांढरी दाढी फुटली, आगपेटीतल्या काड्यांनी असहकार पुकारला, कचेरीतले कागद ओल पिऊन असे काही फुगले की दोन पानी अर्जाचीही एखाद्या जुन्या खटल्याच्या बाडासारखी प्रतिष्ठा वाढली, आणि सही केली तर शाई चहूबाजूंनी पसरून माझे नाव कोणा अन्य इसमाचे वाटू लागले. अशा हवेत माणसाला पडसे न होईल तरच नवल. मला ते झाले. पडशाच्या मागून खोकला आला, खोकल्याच्या मागून तीन दिवस ताप आला, आणि ताप गेल्यावर तो आपल्या जागी एक मुखत्यार नेमून गेला. त्या मुखत्याराचे नाव अशक्तपणा.

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ पाहिली, आणि काळजीचे कारण नाही असे सांगून, केवळ मी निराश होऊ नये म्हणून की काय, चिठ्ठीच्या शेवटी ‘गरम सूप घ्यावे’ एवढे तीन शब्द लिहिले. गोळ्यांची नावे कोणालाच वाचता आली नाहीत, हे तीन शब्द मात्र सर्वांना वाचता आले. त्यामुळे त्या दिवसापासून माझ्या प्रकृतीचा सारा कारभार त्या तीन शब्दांवर चालू झाला.

पहिली अंमलबजावणी माझ्या घरमालकीण आजींनी केली. आमच्या कचेरीच्या शिपायाने त्यांना जाऊन सांगितले, की साहेबांना डॉक्टरांनी सूप सांगितले आहे. आजी तत्काळ घरात गेल्या, आणि शेणाने नुकतेच सारवलेले, बांबूच्या बारीक कामट्यांचे एक सुंदर सूप आणून त्यांनी माझ्या खाटेवर ठेवले. डॉक्टर आता दृष्टही काढू लागले याचा त्यांना मनापासून आनंद झालेला दिसला. पाचवीच्या पूजेला तान्ह्या मुलास सुपात निजवतात हे मी ऐकून होतो, परंतु ८४ किलोंच्या अर्भकाची सोय त्यात कशी व्हावी, हा प्रश्न माझ्याप्रमाणे त्यांनाही पडला असावा, कारण एकदा सुपाकडे व एकदा माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “हे पुरायचं नाही, साहेब. मोठं आणू का?”

वास्तविक चूक त्यांची नव्हती. संस्कृतात सूप म्हणजे वरण, सूपकार म्हणजे आचारी. १८७५ साली रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी मराठीत पाकशास्त्राचे पुस्तक छापले, त्याचेही नाव ‘सूपशास्त्र’ असेच होते. पुढे इंग्रजांच्या जेवणाच्या टेबलावरून हाच उच्चार घेऊन एक तिसराच पातळ पदार्थ आपल्याकडे आला आणि पहिल्या दोघांच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहिला. आता शहरात सूप म्हटले की धान्य पाखडायचे सूप कोणाला आठवत नाही, आणि खोडाळ्यात सूप म्हटले की दुसरे काही आठवत नाही. कोणते सूप अधिक मराठी, याचा निर्णय मी भाषा संचालनालयावर सोपवतो.

आता या पातळ पदार्थाविषयी आमच्या घराण्यात एक दस्तऐवज आहे. माझे आजोबा जव्हार संस्थानच्या दप्तरात होते. १९४८ साली संस्थान विलीन झाले, मुकणे राजघराण्याची सहाशे वर्षांची गादी कागदोपत्री संपली, आणि आजोबांच्या वाट्याला एक पितळी दौत, एक मोडकी आरामखुर्ची व गृहवैद्यकाचे एक इंग्रजी पुस्तक एवढी जहागीर आली. त्या पुस्तकाच्या समासात आजोबांनी मोडी लिपीत बारीक अक्षरांत पानोपानी शेरे मारलेले आहेत. ते त्यांचे औषधांविषयीचे अनुभवसिद्ध ज्ञान असावे या समजुतीने आमच्या घरी दोन पिढ्या ते पुस्तक देवघराशेजारी ठेवले जात असे. पुढे एका मोडीच्या जाणकाराने सर्व मजकूर वाचून दाखवला, तेव्हा तो दूधवाल्याचा हिशेब निघाला. असो.

आजारातून उठलेल्या माणसास शक्ती येण्यासाठी त्या पुस्तकात एकच रामबाण उपाय सांगितला आहे, आणि त्याचे नाव ‘बीफ टी’. म्हणजे चहाच, फक्त चहाच्या पत्तीऐवजी गोमांस. एक पौंड निर्भेळ मांस बारीक चिरून थंड पाण्यासह बरणीत घालावे, बरणीचे तोंड बंद करून ती उकळत्या पाण्याच्या पातेल्यात दोनतीन तास उभी करावी, वर आलेली चरबी काढून टाकावी, आणि उरलेला तपकिरी अर्क रुग्णास चमच्याचमच्याने पाजावा. व्हिक्टोरिया राणीच्या काळी विलायतेत असा एकही दुखणाईत नव्हता, ज्याच्या उशाशी या अर्काचा पेला नव्हता. मी ते पान शिपायास मराठी करून वाचून दाखवले तेव्हा तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग हळूच म्हणाला, “साहेब, हे पुस्तक कचेरीत आणू नका.” त्याचे म्हणणे कायद्याला धरून होते. महाराष्ट्राच्या १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्यात गाय होतीच. २०१५ साली अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल आणि वळूही तिच्या पाठोपाठ आत आले, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली. पडशावर इतके प्रदीर्घ पथ्य मला झेपणारे नव्हते. शिवाय आमच्या घरी हा पदार्थ कोणी मनातसुद्धा शिजवलेला नाही. आजोबांनीही त्या पानाच्या समासात दुधाचे साडेसात आणेच मांडलेले आहेत.

परंतु गंमत अशी, की ज्या देशांत हा अर्क राजरोस मिळत होता तिथेही त्याची शास्त्रीय पत फार काळ टिकली नाही. युस्टुस लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ साली मांसाचा अर्क काढण्याची कृती जगापुढे मांडली. १८६५ साली त्याच्या नावाची कंपनी निघाली, दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशातल्या फ्राय बेंतोस गावी तिचा प्रचंड कारखाना उभा राहिला, आणि तीसएक किलो मांसाचा एक किलो अर्क होऊन बाटल्यांतून जगभर रवाना होऊ लागला. मग इतर शास्त्रज्ञांनी त्या बाटलीत डोकावून पाहिले. पाहतात तो पोषण म्हणून जे म्हणावे ते सारे मागे टाकून दिलेल्या चोथ्यात राहिलेले, आणि बाटलीत आलेला बहुतेक मामला नुसत्या चवीचा! फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी तर १८६० च्या सुमारास आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात स्पष्ट लिहून ठेवले, की या चहाचे पाणी आटवून पाहा, तळाशी जेमतेम एक चहाचा चमचा भरेल एवढे अन्न उरते; आणि तरीही, याने माणसाला हुशारी येते हे खरे, का येते ते कळत नाही, अशी कबुलीही त्याच बाईंनी त्याच ठिकाणी दिली. इतका प्रामाणिक अहवाल माझ्या नोकरीच्या काळात माझ्या टेबलावरून गेलेला नाही.

त्याहून माझ्या अंतःकरणाला भिडली ती पॅरिसची जिलेटिन समिती. हाडे उकळून निघणारा सरस, म्हणजे आपले सुतार लाकडे चिकटवण्यास वापरतात त्याचाच शुद्ध भाऊ, इस्पितळांतल्या गोरगरिबांना मांसाऐवजी पाजावा, अशी दार्से नावाच्या गृहस्थांची योजना होती. ती पोषक आहे किंवा कसे हे ठरवण्यासाठी मॅजेंडी या शरीरशास्त्रज्ञाच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली, आणि त्या समितीने आपला अहवाल सादर करण्यास दहा वर्षे घेतली. दहा वर्षे! तोपर्यंत इस्पितळांत सूप चालूच. १८४१ साली अहवाल आला, की नुसत्या सरसावर ठेवलेली कुत्री जगत नाहीत. एवढा निष्कर्ष काढण्यास कुत्र्यांना फार दिवस लागले नसतील. उरलेली वर्षे बैठकांत गेली असणार, हे सांगायला मला फ्रेंच यायला नको.

हे सारे ज्ञान मी माझ्या खाटेभोवती जमलेल्या मंडळींना सांगितले. त्यांच्यावर काडीइतकाही परिणाम झाला नाही. एव्हाना माझ्या प्रकृतीसाठी एक स्थानिक समिती आपोआप अस्तित्वात आली होती, आणि तिची कार्यपद्धती फ्रेंच समितीहून पुष्कळच वेगवान होती. शाळेतले गुरुजी पायाच्या पक्षाचे होते. बकऱ्याचे पाय चुलीवर रात्रभर शिजत ठेवावेत, सकाळी त्यातले चिकट पाणी मिरपूड घालून प्यावे, गुडघे असे होतात की माणूस उठून डोंगर चढतो, असे ते सांगत. मला डोंगर चढायचा नव्हता, पण वादात पडण्याचे त्राण नव्हते. पायांचे प्रकरण मात्र दुसऱ्याच दिवशी निकालात निघाले. एका बकऱ्याला पाय चारच असतात, आणि त्या चार पायांवर गावातल्या बाळंतिणी, मोडलेल्या हातापायांचे इसम व पेन्शनर यांचे हक्क इतके आधीपासून नोंदलेले होते, की माझा नंबर लागेपर्यंत मी दुसऱ्या तालुक्यात बदलून गेलो असतो.

ठाण्याहून सौभाग्यवतींचा फोन आला. “अहो, कुळथाचं कढण घ्या, दुसरं काही नको,” असा त्यांचा हुकूम होता, आणि तो रास्तही होता. कुळीथ हे द्विदल इतके उष्ण व इमानदार आहे, की त्याच्यापुढे लीबिगची बाटली म्हणजे नुसते रंगीत पाणी. पण तो हुकूम शिपायाच्या कानी गेला आणि त्याने मान हलवली. “कुळीथ उन्हाळ्यात, साहेब,” तो म्हणाला, “पावसाळ्याचं पडसं चिंबोरीशिवाय हटत नाही.”

इथे समितीत प्रथमच एकमत झाले. आजींनी दुजोरा दिला, गुरुजींनी पायांचा ठराव मागे घेतला, कोपऱ्यावरच्या चहावाल्याने आपण लहानपणी मरता मरता चिंबोरीच्या रश्श्याने वाचल्याची साक्ष दिली, आणि त्याच रात्री शिपाई बॅटरी घेऊन ओढ्यावर गेला. पावसाळ्यात हे काळे खेकडे बिळांतून बाहेर पडून ओढ्याच्या कडेला, भाताच्या बांधावर फिरतात; बॅटरीचा झोत पडला की क्षणभर दिपून जागीच थबकतात; तेवढ्यात मागच्या बाजूने कवचावर दोन बोटे दाबून उचलावे लागते. पुढच्या बाजूने उचलणाराची बोटे किती उरतात, हे त्याने मला आपल्या डाव्या हाताच्या करंगळीवरचा व्रण दाखवून समजावले. रात्री दहाच्या सुमारास त्याने अकरा नग आणून माझ्या खोलीत ठेवले. टोपलीवर सागाची पाने, पानांवर सुतळीचा आवळ. “तोंड सोडू नका, साहेब,” असे बजावून तो गेला.

वाचकहो, मी मराठी माणूस आहे. लहानपणापासून आजतागायत गणेशोत्सवाच्या मांडवात, साहित्य संमेलनांत, सहकारी पतपेढ्यांच्या वार्षिक सभांत आणि निरोपसमारंभांत मी किमान शंभर वेळा ऐकलेले आहे, की खेकड्यांच्या टोपलीला झाकण लागत नाही. एक वर चढू लागला की बाकीचे त्याचा पाय धरून खाली ओढतात. जी गोष्ट शंभर अध्यक्षांनी सांगितली ती असत्य असेल, अशी शंका घेण्याचे माझे संस्कार नव्हते. शिवाय त्या जीवांना गुदमरायला होत असेल अशी भूतदया मनात उद्भवली. मी सुतळी सोडली, पाने बाजूला केली, आणि निजलो.

रात्री दोनच्या सुमारास लाकडी कपाटावर कोणीतरी नखाने सावकाश काहीतरी कोरीत आहे अशा आवाजाने मला जाग आली. वीज गेलेली होती. मोबाइलचा दिवा लावून पाहतो तो टोपली रिकामी. रिकामी म्हणजे पूर्ण रिकामी. एकही खेकडा दुसऱ्याचा पाय धरून खाली थांबलेला नव्हता. उलट मला जे दिसले त्यावरून ते एकमेकांच्या पाठीवर पाय देऊन, अगदी सहकाराच्या तत्त्वाने बाहेर पडले असावेत. तेव्हापासून कोणी वक्ता ती टोपली व्यासपीठावर आणू लागला, की माझी बोटे आपोआप आखडतात. स्थळ-पंचनामा पुढीलप्रमाणे: एक नग रबरी बुटात, एक गॅसच्या टाकीखाली, दोन मोरीत, एक मच्छरदाणीच्या उजव्या कोपऱ्यावर, जमिनीपासून अंदाजे तीन फुटांवर, दोन्ही नांग्या उभारून वरच्या दिशेस मार्गस्थ; आणि कपाट कोरणारा नग कचेरीतून घरी आणलेल्या एका प्रलंबित प्रकरणावर ठाण मांडून. ते प्रकरण पाच वर्षे कोणी हलवले नव्हते. त्याने हलवले.

मी खाटेवर उभा राहून हाक मारली. आजी कंदील घेऊन आल्या. त्यांनी परिस्थिती पाहिली, तोंडाला पदर लावला, आणि एका हातात कंदील धरून दुसऱ्या हाताने, वाल वेचावेत तशा सहजतेने, खेकडे वेचून टोपलीत टाकू लागल्या. पहाटेपर्यंत दहा नग रुजू झाले. अकराव्याचा तपास चालू आहे.

सकाळी प्रत्यक्ष पाककृती झाली, आणि ती मी दारात पाट मांडून पाहिली. आजींनी एकेक खेकडा धुतला, पाठीवरचे कवच टपकन उचलून बाजूला केले, आतला नको तो भाग काढून टाकला, मोठ्या नांग्या वेगळ्या ठेवल्या, आणि बारीक पाय पाट्यावर घेऊन वरवंट्याने ठेचले. वरवंट्याचा तो आवाज प्रथम कडकड असा होता, मग चरचर असा झाला, आणि शेवटी ओला, मऊ, गप्प झाला. तेव्हा त्यांनी तो गोळा पाण्यात कालवून जुन्या लुगड्याच्या धडप्यातून पिळून काढला. पातेल्यात जे पडले त्याचा रंग ओढ्याच्या गढूळ पाण्याहून वेगळा नव्हता, आणि नाइटिंगेल बाईंचा चमचा माझ्या डोळ्यांपुढे उभा राहिला. पण चुलीवर खुरासणीचे तेल तापले, त्यात सालासकट ठेचलेला लसूण व भाजलेल्या सुक्या मिरच्या पडल्या, त्यावर ते पाणी ओतून आजी पळीने एकसारखे ढवळू लागल्या, आणि माझ्या देखत त्या गढूळपणाने आपले मन बदलले. तळाशी काहीतरी जमू लागले. मऊ, दह्यासारख्या पांढुरक्या गुठळ्या एकामागून एक वर तरंगत आल्या, खालचे पाणी निवळून सोनेरी झाले, आणि त्यात सोडलेल्या काळ्या नांग्या पाहता पाहता शेंदरी रंगावर गेल्या. शेवटी चिमूटभर नागलीचे पीठ. “हे दाटपणाला,” आजी म्हणाल्या. अर्काच्या बाटलीत जे येत नाही ते हेच: मांसाचे सत्त्व गाळून फेकलेले नव्हते, ते वर तरंगत होते.

रस खाली उतरणार एवढ्यात डॉक्टर रस्त्याने चालले होते ते वासावर आत आले, आणि त्यांनी पातेले आणखी वीस मिनिटे चुलीवर ठेवायला लावले. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांच्या अंगात एक जंत असू शकतो. खेकडा अर्धाकच्चा पोटात गेला तर हा जंत माणसाच्या फुप्फुसात जाऊन बिऱ्हाड करतो, वर्षानुवर्षे खोकला येतो, थुंकीतून रक्त पडते, आणि क्षय समजून भलतेच औषध चालू राहते. मणिपूर-नागालँडकडे असे रुग्ण पुष्कळ आढळलेले आहेत, असे त्यांनी सांगितले. म्हणजे खोकल्यावरचे हे औषध नीट उकळले तर खोकला जातो, आणि न उकळले तर कायमचा येतो. एवढा निःपक्षपाती उपाय मी दुसरा पाहिला नाही. जाता जाता डॉक्टरांनी हेही सांगितले, की सुपाची अगदीच थट्टा करू नका. २००० साली अमेरिकेत नेब्रास्का विद्यापीठाच्या स्टीफन रेनार्ड नावाच्या डॉक्टरांनी कोंबडीच्या सुपाची प्रयोगशाळेत परीक्षा केली, तेव्हा पडशात नाकाघशाला सूज आणणाऱ्या पांढऱ्या पेशींची धावपळ त्याने मंदावते असे त्यांना काचेच्या नळीत दिसले. कृती कोणाची वापरली? बायकोच्या लिथुएनियन आजीची. हे ऐकून आमच्या आजींनी पळी खाली ठेवली आणि त्या प्रथमच या विषयाकडे गंभीरपणे पाहू लागल्या.

मी वाडगा तोंडाला लावला. पहिल्या घोटाला डोळ्यांतून पाणी आले, दुसऱ्याला नाकातून आले, तिसऱ्याला आठ दिवस बंद असलेला कानाचा पडदा फटकन उघडून मला ओढ्याचा आवाज ऐकू येऊ लागला. हा प्रभाव चिंबोरीचा की मिरचीचा, याची चौकशी करण्यास समिती नेमली तर दहा वर्षे जातील. म्हणून मी दुसरा वाडगा मागितला. नांग्या गुरुजी, शिपाई, चहावाला आणि नुसते विचारपूस करायला आलेले दोन इसम यांच्यात यथाक्रम वाटल्या गेल्या. आजींनी घेतले नाही. विचारले तर म्हणाल्या, “मला काय झालंय?”

पुढचे पंधरा दिवस माझा अशक्तपणा गावाच्या मालकीचा होता. कोणी गावठी कोंबड्याचा रस्सा आणी, कोणी उडदाचे घुटे, कोणी नुसतीच पेज. एका म्हातारबाबांनी तर मोहाची फुले आणून दिली आणि त्यांचे काय करावे हे हळू आवाजात सांगितले. सारे वाडगे रिकामे करून मी एके दिवशी दवाखान्यातल्या काट्यावर उभा राहिलो. ८६ किलो. डॉक्टर माझ्याकडे आणि काट्याकडे आळीपाळीने पाहत राहिले.

आता एक गोष्ट मला तेव्हाही खटकत होती, ती लिहिल्याशिवाय ही कैफियत खरी होणार नाही. ज्या मुलुखात मी शक्तीसाठी सूप पीत पडलो होतो, त्या मुलुखाचे नाव उर्वरित महाराष्ट्राला कळले ते १९९२-९३ साली, जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीची मुले अन्नावाचून दगावली तेव्हा. मंत्री आले, मोटारी आल्या, समित्या आल्या. पुढे योजनाही आल्या, डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाच्या अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा बायांना अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण मिळते, पोरांना अंडे मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण दिवाळीनंतर याच वाड्या-पाड्यांतली घरे कुलपे लावून भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, अंगणवाडी मागे राहते. पाण्याचेही तसेच. वैतरणेचे पाणी अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि मोडकसागर अशा तीन ठिकाणी अडून मुंबईच्या नळांना जाते, तिथल्या हॉटेलांत त्याचेच सूप होऊन कोथिंबिरीच्या पानासह दीडशे रुपयांना मिळते, आणि मे महिन्यात मोखाड्याच्या पाड्यावर टँकर येतो. शंभर इंच पाऊस पडणाऱ्या गावात टँकर कशासाठी, असा प्रश्न मी नवखेपणी एकदा विचारला होता. तेव्हा शिपायाने माझ्याकडे जसे पाहिले, तसे त्याने बीफ टीच्या वेळीही पाहिले नव्हते.

श्रावणात आवणी संपता संपता आजी तापल्या. दोन दिवस त्यांनी कोणाला सांगितले नाही; तिसऱ्या दिवशी चुलीपाशी बसता बसता भिंत धरली, तेव्हा मी व शिपायाने त्यांना जवळजवळ उचलून दवाखान्यात नेले. काट्यावर उभ्या राहिल्या त्या ओल्या इरल्यासकट. डॉक्टरांनी इरले काढून घेतले आणि पुन्हा पाहिले. ३८ किलो. त्यांनी नाडी पाहिली, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून पाहिल्या, आणि मोठ्याने, सावकाश विचारले, “आजी, किती दिवसांपासून अशक्त वाटतंय?”

आजींनी कमरेवर हात ठेवून त्यांच्याकडे पाहिले. “मी नव्हं,” त्या म्हणाल्या, आणि माझ्याकडे बोट दाखवले. “अशक्त ते साहेब आहेत. त्यांना बघा आधी.”

त्या संध्याकाळी मी स्वतः चूल पेटवली. शिपायाने चार नग आणले होते, तोंड बांधलेलेच. कवच उचलताना एकाने माझी तर्जनी धरली ती सोडवायला शेजारच्या पोराला बोलवावे लागले. पाट्यावरचा तो आवाज कडकडवरून गप्प होईपर्यंत माझे दोन्ही खांदे भरून आले. आणि घड्याळ लावून पुरी वीस मिनिटे मी ते पातेले उकळले. गुठळ्या तरंगल्या, पाणी निवळले. वाडगा भरून मी त्यांच्या खाटेपाशी नेला. आजी भिंतीला टेकून बसल्या, दोन्ही हातांत वाडगा धरून त्यांनी एक घोट घेतला, जिभेवर घोळवला, गिळला.

“मीठ कमी,” त्या म्हणाल्या.

मी मीठ आणायला उठलो. त्यांनी हातानेच थांबवले, आणखी दोनतीन घोट घेतले, तोंड पुसले, आणि अर्धा भरलेला वाडगा माझ्याकडे सरकवला.

“राहिलं ते तुम्ही प्या. तुम्हाला लागतं.”